थांबा हवा, कोंडी नको

7 एप्रिल 2025, सोमवार. अमेरिकेने जाहीर केलेल्या आयातशुल्काच्या धास्तीने जगभरचे बाजार कोसळत होते आणि आपला सेन्सेक्स उघडतानाच सुमारे 3,900 अंशांनी खाली आला. सांगलीच्या गणपती पेठेतल्या आमच्या शाखेत फोन खाली ठेवायला उसंत नव्हती. जो तो एकच विचारत होता, "ताई, आज सर्किट लागणार का?"

सर्किट लागलं नाही. संपूर्ण बाजार थांबायला दहा टक्क्यांची घसरण व्हावी लागते आणि त्या सकाळी ती साधारण पाच टक्के होती. दिवसअखेर तर ती तीन टक्क्यांच्या आत आली. पण फोन करणाऱ्यांतल्या काहींना बाजार थांबावा असं वाटत होतं, तर काहींना त्याच थांबण्याची धास्ती होती. थांबलो तर अडकलो, असं त्यांचं म्हणणं. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं, कारण आपल्या बाजारात भाव आवरण्याच्या दोन अगदी निराळ्या व्यवस्था आहेत. एक संपूर्ण बाजारासाठी आणि दुसरी एकेका शेअरसाठी. पहिली माणसाला विचार करायला वेळ देते. दुसरी छोट्या शेअरच्या बाबतीत त्याला आत कोंडून ठेवते. मी 2004 च्या पडझडीच्या आधीपासून टर्मिनलवर बसून लोकांच्या ऑर्डरी टाकते आहे. पहिल्या व्यवस्थेच्या बाजूने मी ठामपणे उभी राहीन. दुसरी मात्र बदलायला हवी, आणि ती कशी बदलता येईल हे सांगण्यासाठीच हा लेख.

आधी संपूर्ण बाजाराच्या थांब्याबद्दल. सेन्सेक्स आणि निफ्टी या दोहोंपैकी जो आधी मर्यादा ओलांडेल तो धरला जातो. आदल्या दिवशीच्या बंद पातळीपासून 10, 15 आणि 20 टक्के अशा तीन पायऱ्या आहेत. वर जाताना त्याच, खाली येतानाही त्याच. दहा टक्क्यांची पायरी दुपारी 1 च्या आधी आली तर बाजार 45 मिनिटं थांबतो. 1 ते अडीचच्या दरम्यान आली तर 15 मिनिटं, आणि अडीचनंतर आली तर थांबत नाही. पंधरा टक्क्यांना 1 च्या आधी पावणेदोन तास, 1 ते 2 च्या दरम्यान 45 मिनिटं, आणि 2 नंतर दिवसभरासाठी कुलूप. वीस टक्के झाले की वेळ कोणतीही असो, त्या दिवसाचा बाजार संपला. मुंबई शेअर बाजार आणि एनएसई दोन्हीकडे, रोखीत आणि वायद्यात, देशभर एकाच वेळी सौदे बंद होतात.

यातली सर्वांत मोलाची गोष्ट थांबा संपताना घडते. बाजार तसाच पुन्हा सुरू करून देत नाहीत. आधी पंधरा मिनिटांचं प्री-ओपन सत्र होतं. आलेल्या सगळ्या ऑर्डरी एकत्र घेऊन ज्या भावाला जास्तीत जास्त माल हातोहात जाईल तो भाव काढला जातो आणि तिथून पुढचे सौदे सुरू होतात. शंभर शेअर विकणारा आणि लाखभर शेअर विकणारा, त्या सत्रात दोघांनाही एकच भाव मिळतो.

थांब्याची किंमत मी शुक्रवार, 13 मार्च 2020 ला पाहिली. करोनाच्या बातम्यांनी निफ्टी उघडल्यावर काही मिनिटांतच दहा टक्के खाली गेला आणि बाजार 45 मिनिटांसाठी थांबला. तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार फोनवर अक्षरशः ओरडत होते, "ताई, काढून टाका सगळं, मिळंल त्या भावाला!" ऑर्डर टाकणं शक्यच नव्हतं. मग त्या पाऊण तासात आम्ही दोघांनी हिशेब मांडला. खरड छाटणीला किती पैसे लागतील, बँकेचा हप्ता कधी आहे, घरात किती रोख आहे. गरज निघाली त्यांच्या एकूण मालाच्या जेमतेम चौथ्या हिश्शाची. तेवढाच माल विकायचं ठरलं. त्या दिवशी सेन्सेक्स 1,325 अंशांनी वर बंद झाला.

थांबल्यामुळे बाजार वर जातो असा अर्थ मात्र कुणी काढू नये. दहाच दिवसांनी, 23 मार्चला, पुन्हा दहा टक्के पडले, पुन्हा 45 मिनिटं बाजार थांबला, आणि पुन्हा उघडल्यावर आणखी पडून सेन्सेक्स 3,934 अंशांनी, म्हणजे 13 टक्क्यांहून जास्त घसरून बंद झाला. देश टाळेबंदीच्या उंबरठ्यावर होता आणि बाजाराने ती भीती भावात उतरवली. थांब्याने घसरण टळली नाही आणि ती टाळणं त्याचं कामही नाही. भीती आणि निर्णय या दोहोंत थोडं अंतर पडावं, दलालांना मार्जिनचे पैसे गोळा करता यावेत, खरी बातमी कोणती आणि अफवा कोणती हे कळावं, एवढंच त्याचं काम. ते त्याने दोन्ही दिवशी केलं.

ही व्यवस्था 2001 च्या जुलैत बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने लागू केली. त्याआधी अमेरिकेने हा धडा गिरवला होता. 19 ऑक्टोबर 1987 ला तिथला डाऊ जोन्स एका दिवसात 22.6 टक्के कोसळला आणि त्याच्या चौकशीतून बाजार थांबवण्याची पद्धत आली. आपल्याकडे 17 मे 2004 ला, केंद्रात अनपेक्षित सत्ताबदल होताना, एकाच दिवशी दोनदा बाजार थांबवावा लागला. 18 मे 2009 ला उलटं घडलं. निवडणुकीच्या निकालाने सेन्सेक्स 17 टक्क्यांहून जास्त उसळला, वरचं सर्किट लागलं आणि दिवसभरात जेमतेम मिनिटभराचे सौदे होऊन बाजार बंद झाला.

नियम आहे तसाच राहिला असंही नाही. 5 ऑक्टोबर 2012 ला एनएसईवर एका दलालाकडून चुकीने गेलेल्या 650 कोटींच्या ऑर्डरींनी निफ्टी क्षणात सुमारे 900 अंश, म्हणजे 15 टक्क्यांहून अधिक खाली गेला. दहा टक्क्यांना थांबायला हवं होतं, ते थांबलं नाही. त्यानंतर जानेवारी 2013 मध्ये सेबीने बाजारांना बजावलं की निर्देशांकातल्या शेअरच्या प्रत्येक सौद्यानंतर मोजणी करा आणि मर्यादा ओलांडली का ते तिथल्या तिथे तपासा. त्याच वर्षी सप्टेंबरात थांब्याच्या वेळा बदलून आजच्या वेळा आल्या. चूक दिसली की नियम दुरुस्त होतो, हे सेबीने करून दाखवलं आहे. म्हणूनच पुढची मागणी करायला मला बळ येतं.

आता दुसरी व्यवस्था. ज्या शेअरमध्ये वायदे चालत नाहीत, अशा प्रत्येकाला रोजची 2, 5, 10 किंवा 20 टक्क्यांची मर्यादा असते. भाव त्या मर्यादेला टेकला की पुढे सरकत नाही. इथे बाजार थांबलेला नसतो. टर्मिनल चालू असतं, आकडे लुकलुकत असतात, पण खालच्या सर्किटला पडद्याच्या एका बाजूला लाखो शेअर विकायला उभे असतात आणि खरेदीच्या बाजूला शून्य. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. सकाळचं प्री-ओपन सत्र या शेअरनाही असतं, पण तिथेही भाव त्याच मर्यादेच्या आत काढायचा असतो. मर्यादा पाच टक्क्यांची असेल तर 100 रुपयांचा शेअर सलग दहा दिवस खालच्या सर्किटला राहिल्यावर साधारण 60 वर येतो. या दहा दिवसांत तुमच्या खात्यात शेअर आहेत, त्यांचा भाव दिसतो आहे, त्यावर नुकसानही मोजलं जातं आहे, आणि त्यातला एकही शेअर तुम्हाला विकता येत नाही.

आमच्याकडे एक निवृत्त एसटी वाहक येतात. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेल्या पैशातून त्यांनी एका छोट्या कंपनीचे शेअर घेतले. मोबाइलवरच्या कुठल्याशा ग्रुपमध्ये रोज त्या शेअरचं वरचं सर्किट दाखवलं जायचं. "रोज पाच टक्के वाढतोय, मिळतच नाहीये," असं म्हणत ते दोन आठवडे रांगेत थांबले होते. अखेर शेअर मिळाले. जो शेअर कुणालाच मिळत नव्हता तो एका दुपारी हवा तेवढा मिळायला लागला, याचा अर्थ विकणारे बाहेर पडत होते. मग खालची सर्किटं सुरू झाली. "पण ताई, आपण स्टॉपलॉस लावलाय की," ते म्हणाले. स्टॉपलॉस भाव आल्यावर विक्रीची ऑर्डर बाजारात पाठवतो. समोर घेणाराच नसेल तर ती ऑर्डर रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहते. पुढे रोज सकाळी नऊच्या आधी ते शाखेच्या पायरीवर असत आणि मी नऊच्या ठोक्याला त्यांची ऑर्डर टाकत असे. खालच्या सर्किटला सगळ्यांचा भाव एकच, त्यामुळे ज्याची ऑर्डर आधी पोचली त्याचा माल आधी जातो. सेकंदाच्या हजाराव्या भागात ऑर्डर पाठवणाऱ्या यंत्रांपुढे सांगलीतल्या एका शाखेचा काय पाड लागणार? त्यांचे शेअर सुटले तेव्हा निम्म्याहून जास्त रक्कम गेली होती. मुलीची फी त्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढून भरली.

मर्यादा नसलेल्या शेअरचं काय होतं, तेही पाहू. 7 जानेवारी 2009 ला सत्यम कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली दिली आणि सत्यमचा शेअर वायद्यात असल्याने त्याला ठरावीक मर्यादा नव्हती. एका दिवसात तो 179 रुपयांवरून 40 च्या आसपास आला. घाव भयंकर होता. आमच्या शाखेत त्या दिवशी माणसं सुन्न बसली होती. पण ज्याला विकायचं होतं त्याला त्याच दिवशी विकता आलं आणि ज्याला थांबायचं होतं तो थांबला. नुकसान दोघांच्याही वाट्याला आलं, पण निर्णय त्यांचा त्यांनी घेतला. छोट्या शेअरमध्ये अडकलेल्याला नुकसान होतंच, वर निर्णयही त्याच्या हाती राहत नाही.

रोजच्या मर्यादा काढून टाका, असं मी म्हणत नाही. त्या असण्याला सबळ कारणं आहेत. दिवसाला चार-पाच हजार शेअरची उलाढाल असलेल्या कंपनीचा भाव दोघातिघांनी ठरवलं तर हवा तिथे नेता येतो. मर्यादा नसेल तर तो खेळ तासाभरात संपेल आणि सेबीच्या देखरेखीला जाग येण्याआधी पैसे घेऊन माणसं पसार होतील. मर्यादेमुळे तो खेळ लांबतो, दिसतो, पकडता येतो. मार्च 2023 मध्ये यूट्यूबवरच्या खोट्या चित्रफितींनी एका प्रसारण कंपनीचा भाव फुगवणाऱ्यांवर सेबीने कारवाई केली, ती सौद्यांचा असा माग काढूनच. हे सगळं मला मान्य आहे.

पण मर्यादा दुधारी आहे. रोजचं वरचं सर्किट हीच फसवणाऱ्यांची सर्वांत मोठी जाहिरात ठरते. "आज पुन्हा लागलं" एवढं एक चित्र पाठवलं की झालं. मर्यादेच्या या दुसऱ्या धारेचा चीनने मोठा अनुभव घेतला. जानेवारी 2016 मध्ये तिथे संपूर्ण बाजारासाठी 5 टक्क्यांना पंधरा मिनिटांचा थांबा आणि 7 टक्क्यांना दिवसभर कुलूप असा नियम आला. दोन मर्यादा इतक्या जवळ होत्या की पहिली लागताच दार बंद होण्याआधी निसटायला सगळे एकदम धावले. 4 आणि 7 जानेवारीला बाजार बंद पडला, 7 तारखेला तर अर्ध्या तासाच्या आत. दुसऱ्याच दिवसापासून नियम गुंडाळला गेला. मर्यादा समोर दिसली की माणसं तिच्याकडे खेचली जातात. छोट्या शेअरमध्ये हे रोज घडतं, वर जातानाही आणि खाली येतानाही.

उपाय परदेशातून आणायला नको, तो आपल्याच बाजारात आहे. वायद्यातल्या मोठ्या शेअरना ठरावीक मर्यादा नसते. भाव एका टप्प्याला टेकला की थोडा विसावा घेतात आणि अटी पूर्ण झाल्या की टप्पा पुढे सरकवतात. क्वचित सौदे होणाऱ्या शेअरसाठी सेबीने 2013 मध्येच दिवसातून ठरावीक वेळा लिलाव पद्धतीने भाव काढण्याची सोय केली. आणि 29 ऑक्टोबर 2024 ला तर आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीकडे एशियन पेंट्सचा मोठा साठा, तरी तिचा शेअर 3 रुपये 53 पैशांवर पडून होता, कारण त्या भावाला कुणी विकायला तयार नव्हतं आणि रोजच्या मर्यादेमुळे भाव वर सरकत नव्हता. सेबीने अशा गुंतवणूक कंपन्यांसाठी मर्यादेविना विशेष लिलाव ठेवला आणि एकाच दिवसात त्या शेअरचा भाव 2,36,250 रुपयांवर पोचला. रोजची मर्यादा खऱ्या भावाला किती अडवून धरू शकते, याचा यापेक्षा मोठा पुरावा दुसरा नाही. त्या दिवशी जे वर जाणाऱ्या भावासाठी केलं, तेच खाली जाणाऱ्या भावासाठी का करता येऊ नये?

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत.

पहिली. एखादा शेअर सलग दोन दिवस एकाच दिशेच्या सर्किटला अडकून राहिला तर तिसऱ्या दिवशी त्याचे चालू सौदे थांबवून तासाभराचा लिलाव घ्यावा. त्या लिलावापुरती मर्यादा मोठी ठेवावी. सगळ्यांच्या ऑर्डरी एकत्र, भाव एकच, आधी पोचणाऱ्या यंत्राला वेगळा फायदा नाही. लिलावात निघालेल्या भावापासून रोजची मर्यादा पुन्हा सुरू करावी. हा नियम वरच्या सर्किटलाही लावावा, म्हणजे "रोज पाच टक्के" या जाहिरातीतली हवाच निघून जाईल.

दुसरी. लिलावाआधी कंपनीने लेखी खुलासा केलाच पाहिजे. भाव अचानक हलला की बाजार कंपनीकडे विचारणा करतात, पण "आमच्याकडे जाहीर करण्यासारखं काही नाही" असं दोन ओळींचं उत्तर येतं आणि विषय संपतो. बातम्यांतल्या अफवांना दुजोरा देण्याची किंवा त्या खोडून काढण्याची सक्ती सेबीने जून 2024 पासून पहिल्या 100 आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून पहिल्या 250 कंपन्यांना केली. अफवांचा सुळसुळाट ज्या छोट्या कंपन्यांत आहे, त्या या सक्तीच्या बाहेरच राहिल्या. किमान सर्किटला अडकलेल्या कंपनीला तरी ही सक्ती लागू करा. प्रवर्तकांनी गेल्या तिमाहीत शेअर विकले का, गहाण ठेवले का, हेही त्याच खुलाशात यावं.

तिसरी. खरेदीची ऑर्डर टाकण्याआधी मोबाइलच्या पडद्यावर ठळकपणे दिसावं की या शेअरची रोजची मर्यादा किती आहे, गेल्या महिन्यात तो किती दिवस सर्किटला अडकला होता, आणि अडकला तर स्टॉपलॉस लागणार नाही. आणि हे मराठीत दिसावं. एनएसईवर नोंदलेल्या गुंतवणूकदारांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला आहे. कराड, लातूर, अकोल्यातून ऑर्डर टाकणाऱ्या माणसाला धोक्याची सूचना इंग्रजीत देणं म्हणजे ती न देण्यासारखंच आहे.

लिलावाने भाव एकदम जास्त पडेल, छोटा माणूस आणखी भाजेल, असा आक्षेप घेतला जाईल. भाव पडेल हे खरं आहे. पण जो भाव पुढच्या दहा दिवसांत रांगेत उभं राहून मिळणार आहे, त्याच्या आसपासचा तिसऱ्याच दिवशी मिळाला तर उरलेली रक्कम त्याच्या हाती येते, फीची तारीख पाळता येते, पतसंस्थेचं व्याज वाचतं. शिवाय खालचा खरा भाव दिसल्याशिवाय कुणी खरेदीलाही येत नाही. घेणारे पाच टक्क्यांच्या टप्प्यांवर येत नाहीत, ते माल स्वस्त झाल्याची खात्री पटल्यावर येतात.

नियम बदलेपर्यंत वाचकांनी आपल्यापुरतं एवढं करावं. कोणताही छोटा शेअर घेण्याआधी दलालाला किंवा ॲपला विचारा की याची मर्यादा किती आणि रोजची उलाढाल किती. सलग वरच्या सर्किटला चाललेला शेअर कुणी सुचवला तर त्याला हात लावू नका. फीचे, लग्नाचे, दवाखान्याचे पैसे अशा शेअरमध्ये कधीही ठेवू नका, कारण गरज पडेल त्या दिवशी ते निघतीलच याची हमी या व्यवस्थेत नाही.

आणि सेबीला एकच विनंती. संपूर्ण बाजार कोसळतो तेव्हा तुम्ही थांबा देता, विचाराला वेळ देता आणि पुन्हा उघडताना सगळ्यांना एका भावावर आणता. एसटीच्या वाहकाने कष्टाचे पैसे घातलेल्या छोट्या शेअरलाही तोच न्याय लावा.